हिरमोड म्हणजे निराशा नव्हे

रहिमतपूर,
३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

इथूनच वाकून नमस्कार. तू म्हणशील, फोन असताना हे कागदाचं सोंग कशाला. तर अकॅडमीत आले त्याच दिवशी सरांनी सगळ्या मुलींचे फोन काढून घेतले आणि पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवले. पोलीस भरती होईपर्यंत महिन्यातल्या एका रविवारी तासभर मिळतो. त्यात तुला फोन लावला, तर 'कोन बोलतंय' यातच तू निम्मा वेळ घालवतेस. म्हणून पत्र. शेजारच्या जरिनाचाची वाचून दाखवतील, त्यांनाच उत्तर सांग.

आजी, एक काम आहे. इथं पहाटे मैदान आणि दुपारी लेखी परीक्षेचा वर्ग असतो. काल मराठीच्या तासाला सरांनी वाक्प्रचार घेतले. 'हिरमोड होणे' म्हणजे काय? उत्तर: निराशा होणे. मी हात वर केला आणि म्हटलं, सर, माझी आजी हा शब्द उठता-बसता वापरते, पण निराशेला नाही वापरत. सरांनी विचारलं, मग कशाला वापरते? आणि मला सांगताच येईना. उभी राहिले होते तशी खाली बसले. माझ्या शेजारी साक्षी असते, कराडची. ती म्हणाली, "आता तुझं जे झालं ना, तो हिरमोड." सगळा वर्ग हसला, सरसुद्धा.

तर हिरमोड म्हणजे नक्की काय, आणि तो शब्द आला कुठून, ते मला सांग. पेपरात मी निराशाच लिहीन. पण मला माहीत पाहिजे.

मैदानी चाचणी अठरा तारखेला आहे. धावण्याची काळजी नाही, गोळाफेकीची आहे. गोळा हातातून सुटतो तेव्हा कुठं जायचंय हे मलाही माहीत नसतं आणि त्यालाही.

तुझा लेक, आमचे आप्पा, काय म्हणतात? मी निघाले तेव्हा ते एवढंच म्हणाले, बघ जमलं तर. उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढलेला माणूस, मला वाटलं होतं चार शब्द जास्त बोलतील. आजी, मला एकदा त्यांच्या तोंडून नुसतं 'जमलं' एवढं ऐकायचंय. बाकी काही नको.

तुझी,
शिवांजली


कवठे महांकाळ,
११ फेब्रुवारी

चि. शिवा,

तुझ्या म्हातारीचा आशीर्वाद. आवाज माझा आणि अक्षर जरिनाचं. मी बोलते तसंच लिही म्हटलं, तर ती म्हणते, मावशी, 'हाय' आणि 'न्हाई' लिहिलं की आम्हांला शाळेत मार्क कापायचे, माझा हातच वळत नाही. म्हणून हे पत्र निम्मं माझं आणि निम्मं तिच्या दहावीचं समज. शिलाई मशीन बंद करून बसलीय बिचारी. (बिचारी हा शब्द मावशींचा नाही, मी घातला. – जरिना)

तुझ्या सरांचं काही चुकलेलं नाही. पेपरात ते सांगतात तेच लिही, मार्क ते देणार, मी नाही. पण निराशा वेगळी. पाऊस आला नाही, बाग हातची गेली, ती निराशा. तिला माणूस लागत नाही. हिरमोडाला माणूस लागतो आणि तो बहुतेक आपलाच असतो. परक्यानं कुणी माझा हिरमोड केलेला मला आठवत नाही, कारण परक्यांकडं मी कधी आशेनं बघितलंच नव्हतं. आणि हिरमोड फार मोठ्या गोष्टीचा होत नाही. घरातलं माणूस गेलं तर कुणी हिरमोड झाला म्हणत नाही. नवं लुगडं नेसून तू दारात उभी आहेस आणि जत्रेची गाडी तुला न घेताच पुढं गेली, तो हिरमोड.

माझाच एक सांगते. मलाही शाळेत घातलं होतं. एक सकाळ. माझी शेळी माझ्या मागनं वर्गात आली आणि तिनं मास्तरांच्या पिशवीतली भाकरी खाल्ली. मास्तर गरीब माणूस, ते काही बोलले नाहीत. पण माझा बा आम्हांला न्यायला आला आणि सगळ्यांपुढं म्हणाला, "हिच्यापरीस शेळीला जास्त कळतंय. तिचं नाव घाला." सगळी हसली. बा वाईट नव्हता गं, चेष्टेत बोलला. पण त्यानंतर मला कुणी शाळेत धाडलं नाही आणि मीही जाते म्हटलं नाही. रडले नाही. रडू आलं की हिरमोड फिटतो. माझं नुसतं तोंड उतरलं, घरी आले आणि शेळीला पाणी दाखवलं. त्यामुळं आज जरिनाची मनधरणी करायची वेळ आली.

आता शब्द आला कुठून. खरं-खोटं मला विचारू नको, माझी आई सांगायची ते सांगते. वेलाचा हिरवा कोवळा शेंडा कुणी मोडला तर वेल वाळत नाही. पण वाढतही नाही. जागच्या जागी थांबतो, आता कुठं जावं ते त्याला काही दिवस कळत नाही. ते हिरवं मोडणं म्हणजे हिरमोड. आपल्या द्राक्षबागेत छाटणीनंतर शेंडे मारतात, तेव्हा वेलींकडं बघ, तसंच तोंड करून उभ्या असतात. तू शिकलेली, तू म्हणशील, पण आजी, मग बगलेतनं नवी फूट येते आणि घड तिलाच लागतात. लागतात की. पण ते त्या दिवसांत वेलीला सांगत बसू नये. लय राग येतो तिला.

दादासोचं विचारलंस. तुझा बाप माझ्या पोटचा असला तरी बोलायला त्याला फौजेनं शिकवलं, आणि तिथं हुकमापुरतंच बोलतात. पण तू बांधावरच्या ज्या वाटेनं पळायचीस, त्या वाटेनं तो रोज सकाळी जाऊन येतो आणि आडवे आलेले दगड उचलून बाजूला टाकतो. तू तर इथं नाहीस, मग कुणासाठी उचलतो, हे विचारायची माझी छाती नाही.

गोळा नीट टाक. कुणाच्या पायावर नको.

तुझी आजी,
साळूबाई


रहिमतपूर,
२१ फेब्रुवारी

प्रिय आजी आणि जरिनाचाची,

मैदान झालं. आठशे मीटरमध्ये माझ्या पुढं दोघीच होत्या. शंभर मीटर ठीक. गोळ्याचं काय सांगू. पहिला रेषेबाहेर गेला, दुसरा जवळच पडला, आणि तिसरा जिथं पडला तिथं मलाही आडवं पडावंसं वाटलं. आता सगळे मार्क धरून यादी लागेल, तेव्हा कळेल.

आजी, तुझं पत्र मी सरांना दाखवलं. त्यांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं, शेळीसकट. ते म्हणाले, शब्दाचं मूळ नक्की कुणी सांगू नये. हिरवं आणि मोडणं असं काही जण धरतात, पण पैज लावण्यासारखं काही नाही. मग म्हणाले, माणूस लागतो हे मात्र बरोबर आहे. आणि त्यांनी प्रत्येकीला आपापला हिरमोड सांगायला लावला. साक्षी भावाच्या साखरपुड्याला नटून बसली होती आणि घराला राखण पाहिजे म्हणून तिलाच मागं ठेवलं. मेंदी लावलेल्या हातानं तिनं म्हशीची धार काढली. ती हे हसत हसत सांगत होती, पण वर्गात कुणी हसलं नाही.

मी माझा सांगितला नाही. आप्पा निरोप द्यायला स्टँडवर येतील असं वाटलं होतं आणि ते आले नव्हते, हे काय सांगायचं लोकांना.

तुझी,
शिवांजली


कवठे महांकाळ,
४ मार्च

पोलीसबाई शिवांजली यांना साळूबाईचा सलाम.

हात कपाळाशी नेऊनच सांगते, कारण सलाम करायला आता तू आम्हांला लावणारच. तुझं नाव यादीत लागलं हे आम्हांला तू कळवायच्या आधीच कळलं. तुमच्या अकॅडमीचं म्हणे फोनवर काहीतरी असतं, तिथनं ती यादी फिरत फिरत जरिनाच्या पोराकडं, वसीमकडं आली. तुला माहीतच आहे, वसीमचं बोर्ड छापायचं दुकान आहे. तो दुकान उघडं टाकून पळत आपल्या मळ्यात आला आणि दादासोला नाव दाखवलं. दादासोनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि खाली बसला. बागेत, मातीत, धुतलेल्या कपड्यांनिशी.

शिवा, तुझा बाप हसतो कसा हे मी विसरले होते. डाव्या बाजूनं हसतो. लहानपणी तसाच हसायचा.

त्याच दिवशी बोर्ड छापला. एसटी स्टँडच्या तोंडाला, पाण्याच्या टाकीसमोर लावलाय. जरिनानं मला गाडीवर मागं बसवून नेलं. तुझा फोटो मामाच्या लग्नातला, पण एवढा मोठा की तुझ्या एका कानात मी उभी राहीन. खाली आजूबाजूला शुभेच्छा देणाऱ्यांची तोंडं, त्यातली निम्मी मी ओळखत नाही आणि तीही तुला ओळखत नसतील. जरिनानं माझं बोट धरून अक्षरं दाखवली. हे शि, हे वां, हे ज, हे ली. मोठी होती म्हणून डोक्यात राहिली. मला आता तुझं नाव वाचता येतं. तेवढंच येतं, पण येतं. खाली लिहिलंय, पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. ते जरिनानं वाचून दाखवलं.

दादासोनं पेढे वाटले. बांधावरनं ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्यालाही दिला. आणि जो भेटेल त्याला एकच सांगतो, पोरीला जमलं. तुला ऐकायचं होतं ना? आता साऱ्या कवठ्यानं ऐकलं.

(वसीम म्हणतो, पार्टी पाहिजे. – जरिना)

तुझी आजी


रहिमतपूर,
१० मार्च

आजी,

हे पत्र मी जरिनाचाचींच्या पत्त्यावर पाठवतेय. आप्पांच्या हाती लागू देऊ नका.

माझी निवड झालेली नाही. ती यादी मैदानात पास होऊन लेखी परीक्षेला बसता येईल अशा मुलींची होती. यादीच्या वरच लिहिलंय. आता लेखी परीक्षा होईल, दोन्हीकडचे मार्क धरतील आणि मग खरी यादी लागेल. त्या यादीत जागा थोड्या आणि आम्ही पुष्कळ. वरची ओळ कुणी वाचली नाही का? वसीमभाईनं नाही, आप्पांनी पण नाही?

मी पत्र वाचलं तेव्हा आधी हसले, आजी. तुझं कानात उभं राहणं वाचून. मग 'पोरीला जमलं' वाचलं आणि साक्षीला पत्र देऊन बाहेर जाऊन बसले. मला जे ऐकायचं होतं ते ते बोलले, आणि ते खरं नाही.

माझं ऐका. परीक्षा महिनाअखेरीला आहे. मी जीव तोडून अभ्यास करते. खऱ्या यादीत नाव आलं तर बोर्ड थोडा आधी लागला एवढंच होईल आणि आप्पांना कधी कळायचं कारणच नाही. तोपर्यंत त्यांना सांगू नका. त्यांनी सगळ्यांना पेढे दिलेत. त्यांना कुणाच्या तोंडाकडं बघता येणार नाही.

शिवांजली


कवठे महांकाळ,
१७ मार्च

शिवा,

कळलं. सांगत नाही.

ज्याला लिहिता-वाचता येतं त्याला गुपित एकट्याचं ठेवता येतं. माझ्यासारखीला त्यात जरिना घ्यावी लागते. तिला शपथ घातली. ती गुमान हो म्हणाली आणि आज कंसात काही लिहीतही नाही, त्यावरनं तिला किती लागलंय बघ.

इथं तुझ्या नावानं माणसांची वर्दळ सुरू झालीय. एकाची मोटरसायकल कुठल्यातरी चौकीत अडकून पडलीय, ती सोडवायला तो दादासोकडं आला. दुसरी एक मला म्हणते, तुमच्या नातीला सांगून माझ्या जावयाला जरा दम भरा. मी म्हटलं, नात कशाला, पत्ता दे, मीच जाते. दादासो सगळ्यांना एवढंच म्हणतो, बघू. आधी त्याचं हसू गावभर फिरत होतं, आता थोडं कमी झालंय. बागेत माल काढायची धांदल आहे, दमतो, असं मी समजते.

सकाळी मात्र न चुकता पेपर आणायच्या निमित्तानं स्टँडवर जातो. वाऱ्यानं बोर्डाची दोरी सुटते, ती बांधून येतो. अभिमान आहे त्याला, बांधू दे. मी तिकडं बघून न बघितल्यासारखं करते.

तू पेपर लिही. हिरमोडाचा प्रश्न आला तर लक्षात ठेव, निराशा.

आजी


रहिमतपूर,
१९ एप्रिल

आजी,

खरी यादी लागली. मी तिच्यात नाही. शेवटच्या मुलीत आणि माझ्यात थोडकंच अंतर आहे आणि ते सगळं गोळ्याचं आहे.

साक्षीचंही झालं नाही. तिच्या ओळखीनं पुण्याला एका कंपनीत पॅकिंगचं काम आहे, राहायची सोय आहे. मी तिच्याबरोबर जाते. घरी येत नाही. स्टँडवर उतरून त्या बोर्डाखालून चालत मळ्यापर्यंत जायचं म्हणजे काय, हे तू समजू शकतेस. कुणी काही बोलणार नाही, हेच जास्त.

तू म्हणाली होतीस, हिरमोडाला माणूस लागतो आणि तो आपलाच असतो. माझा कुणी केला नाही, आजी. या वेळी तो माणूस मी आहे. आप्पांचा हिरमोड मी केला. त्यांना तूच सांग, मला जमायचं नाही. सांगितलंस की बोर्ड उतरवायलाही सांग.

मे उजाडला की आम्ही निघू.

शिवांजली


कवठे महांकाळ,
२५ एप्रिल

शिवा, बाळ,

सांगितलं.

जेवण झाल्यावर बागेत गेले. छाटणी झालीय, तो काड्या गोळा करत होता. मी म्हटलं, दादासो, जरा बस. तो बसला नाही. म्हटलं, पोरीचं झालं नाही रं. ती पहिली यादी खरी नव्हती, आणि हे मला महिन्याभरापासून ठाऊक आहे, तुझ्यापासनं लपवलं. त्यानं काड्यांचा भारा बांधला, गाठ मारली आणि म्हणाला, "ठाऊक हाय."

मला वाटलं, आत्ताची यादी बघितली असेल. तसं नाही. बोर्ड लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी चहाच्या टपरीवर त्याच्या ओळखीच्या एका हवालदारानं त्याला ती फोनवरची वरची ओळ वाचून दाखवली. तेव्हापासून त्याला ठाऊक. इतके दिवस तो माझ्यापासनं लपवत होता आणि मी त्याच्यापासनं. एका ताटाला बसून.

मी म्हटलं, मग उतरवला का नाहीस? रोज जाऊन दोरी कशाला बांधत होतास? त्यानं भारा बांधाला टेकवला. मग म्हणाला, "उतरवला असता तर पेपराआधीच पोरीला नापास केल्यागत झालं असतं, आई."

तर असा बसून राहिला होता तुझा बाप. लोक मोटरसायकल सोडवायला यायचे, तेव्हा त्याला ठाऊक होतं. पेपर आणायच्या निमित्तानं सगळ्या टपरीसमोर त्या बोर्डावर चढायचा, तेव्हाही ठाऊक होतं, आणि बघणाऱ्यांतल्या निम्म्यांनाही ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. मला आधी हसू आलं. मग दुसरं काहीतरी आलं, ते लिहू नको म्हणून मी जरिनाला सांगितलं.

(मलाही ठाऊक होतं. दादासोभाऊंनी वसीमला शपथ घातली होती आणि वसीमनं मला. वर मावशींनीही घातली. मी कुणाची मोडायची? आज सकाळपासून मावशींनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, पत्र लिहायचं म्हणून पुन्हा धरलंय. – जरिना)

पत्र झालं की परत टाकणार आहे.

शिवा, आता तुझं. तू लिहिलंस, आप्पांचा हिरमोड मी केला. तसा हिरमोड होत नाही, बाई. ज्याला आधीच कळलंय आणि जो तरी दोरी बांधत बसलाय, त्याचा काय हिरमोड करणार तू? त्याला वाईट वाटलंय, ते वेगळं. आपल्या पोरीबरोबर वाईट वाटून घ्यायला बापाला मिळालं पाहिजे. तू पुण्याला गेलीस तर ते त्यानं एकट्यानं कुठं जाऊन करायचं?

झालं, आता वेलीला शहाणपण सांगायला लागले. बास.

त्यानं तुझ्या पाकिटावरचा पत्ता माझ्याकडनं मागून घेतला. आज पहाटेच्या गाडीनं निघालाय. कशाला जातोस विचारलं, तर म्हणाला, बघून येतो. काय बघून येणार ते मला माहीत नाही. हे पत्र मिळेल तेव्हा तो तुझ्यापुढं येऊन गेलेला असेल. आपल्या पोस्टापेक्षा आपली एसटी बरी.

आजी


रहिमतपूर,
२९ एप्रिल

आजी,

तुझं पत्र आज आलं आणि आप्पा चार दिवसांपूर्वीच येऊन गेले. तू आधी कळवलं असतंस तर बरं झालं असतं. नाही, बरं झालं नसतं. मी पळाले असते.

दुपारी मी आणि साक्षी बॅगा भरत होतो. कुणीतरी सांगितलं, तुझे वडील आलेत. बाहेर आले तर आप्पा सरांसमोर ताठ उभे, दोन्ही हात मांड्यांना लावून, आणि मुलीला भेटायची परवानगी मागतायत. सरच गडबडले. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि जेवलीस का विचारलं. मग मेसमध्ये माझ्याबरोबर जेवले. डाळ बघून म्हणाले, अगदी फौजेसारखी पातळ आहे. यादीचं बोलले नाहीत, बोर्डाचं नाही, तुझं नाही.

जेवण झाल्यावर म्हणाले, गोळा कुठं ठेवता तुम्ही? मला वाटलं, आता शिकवतील. मैदानावर गेलो. त्यांनी चप्पल काढून ठेवली, गोळा हातात घेतला, मानेला लावला, सगळं अगदी बरोबर केलं, आणि टाकला. आजी, तो माझ्याहूनही जवळ पडला. ते त्या गोळ्याकडं बघत उभे राहिले. म्हणाले, त्यांच्या युनिटनं एकदा स्पर्धेत त्यांचं नाव घातलं होतं, ताकद बघून. सगळ्या साहेबांपुढं त्यांनी गोळा स्वतःच्याच पायावर पाडून घेतला. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही.

मग आम्ही दोघं टाकत बसलो, आळीपाळीनं. साक्षी काठी घेऊन खुणा करत होती आणि दोघांनाही सारख्याच शिव्या घालत होती. आप्पांना ती 'काका, हात कोपरातनं पडतोय' म्हणाली आणि त्यांनी ऐकलं. शेवटी शेवटी ते घामानं भिजले आणि डाव्या बाजूनं हसले. तू लिहिलं नसतंस तर माझ्या लक्षात आलं नसतं.

मी म्हटलं, आप्पा, बोर्डाचं मला माफ करा. ते म्हणाले, "बोर्ड मी लावला. वरची वळ मी वाचली न्हाई. त्यात तुझा काय गुन्हा?" मग चप्पल घालता घालता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुण्याला जायचं असंल तर जा. पर मला भिऊन जाऊ नगंस."

मी रडले. तुझ्या हिशेबानं फिटलं असेल.

साक्षी पुण्याला जातेय. मी जात नाही. माझ्याच मनानं, आप्पांनी थांब म्हटलं नाही. पुढची भरती कधी निघेल माहीत नाही. सरांनी माझी खाट राखून ठेवलीय. पण आधी काही दिवस घरी येते, पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीनं.

बोर्डाचं त्यांना विचारायचं राहिलं. अजून आहे का गं?

तुझी,
शिवांजली


कवठे महांकाळ,
३ मे

चि. शिवा,

आहे.

दादासो परत आला तो घरी न येता सरळ वसीमच्या दुकानात गेला. मला वाटलं, आता उतरवणार आणि शेडवर घालायला आणणार. दोघं शिडी घेऊन स्टँडवर गेले, म्हणून मीही जरिनाला घेऊन गेले. (बोलणं पुन्हा सुरू आहे. – जरिना) वसीमनं निवड झाल्याबद्दलच्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवली, नीट, चुण्या न पाडता. दादासो खालनं सांगत होता, डावीकडं घे, वर घे. आता तुझं नाव आहे, फोटो आहे आणि हार्दिक अभिनंदन आहे. कशाबद्दल ते नाही.

लोकांना लय अवघड झालंय. परवा एकजण दादासोला म्हणाला, भाऊ, अभिनंदन कशाचं ते लिहायचं राहिलंय. दादासो म्हणाला, न्हाई राहिलं. तो माणूस आणखी थोडा वेळ थांबला, मग चहा प्यायला गेला.

आता एक सांगते, जे मी तुला पहिल्या दिवसापासून लिहिलं नव्हतं. वसीमनं त्या फोटोत तुझ्या डोक्यावर पोलिसाची टोपी बसवलीय. मामाच्या लग्नातला गजरा आणि वर टोपी. तू चिडशील म्हणून मी जरिनाला गाळायला लावलं होतं. परवा तिच्यावरही पट्टी लावायची म्हणून वसीम वर चढला, बघितलं, आणि वरनंच म्हणाला, काका, हिच्यावर पट्टी लावली तर पोरीचं कपाळच जातंय. दादासोनं जरा विचार केला आणि म्हणाला, मग ऱ्हाऊ दे.

तेव्हा टोपी आहे. रविवारी गाडीतनं उतरलीस की मान खाली घालून चालू नको, एकदा वर बघ, तुझा बाप सकाळीच दोरी बांधून ठेवणार आहे. कुणी काही विचारलं तर उत्तर देत बसू नको. मी टाकीजवळच्या बाकावर बसलेली असेन. माझ्याकडं पाठव त्यांना.

तुझी,
साळूबाई